गडबच्या शेतांतून जाणाऱ्या वाटा

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालेल्या माणसाला पेणनंतर वडखळ लागते, मग डोलवी आणि मग गडब. गाडी न थांबवता गेले तर गाव मिनिटा-दोन मिनिटांत मागे पडते. पश्चिमेला अंबा नदीची खाडी, म्हणजे धरमतरच्या खाडीचा आतला भाग, आणि तिच्याकाठची सपाट खारजमीन. पूर्वेला भातखाचरे पायरी-पायरीने चढत डोंगराला टेकलेली. मध्ये गाव, रस्ता आणि रेल्वे. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या चिखलापर्यंतचे अंतर एका सकाळीत पायी कापता येते. मी ते बऱ्याच वेळा कापले आहे, वेगवेगळ्या महिन्यांत. प्रत्येक वेळी माझा प्रश्न एकच होता: हेच अंतर कोल्ह्याला, बेडकाला, जिताड्याला कापता येते का? आणि येत असेल, तर शेतीमुळे की शेती असूनही?

प्राण्यांच्या राहण्याच्या जागा एकमेकींना किती जोडलेल्या आहेत, याचा अभ्यास गेल्या साठेक वर्षांत फार वाढला. त्याचे मूळ बेटांच्या अभ्यासात आहे. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोघांनी १९६७मध्ये मांडले, की एखाद्या बेटावर किती जाती टिकतील हे बेटाच्या आकारावर आणि ते मुख्य भूमीपासून किती लांब आहे यावर ठरते. पुढे हीच कल्पना जंगलांना लावली गेली. शेतांच्या समुद्रात जंगलाची बेटे, असे चित्र तयार झाले. चित्र सोपे होते म्हणून ते टिकले, पण त्यात एक गफलत आहे. समुद्र सगळीकडे सारखाच खारा असतो. शेत सगळीकडे सारखे नसते, आणि वर्षभर तर अजिबातच सारखे नसते.

हे आपल्याकडे ठळकपणे दिसले ते बिबट्यांमुळे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, जिथे नाव घेण्याजोगे जंगल नाही अशा उसाच्या मुलखात, बिबटे नुसते येऊन-जाऊन नव्हे तर पिल्ले वाढवत राहतात, हे दाखवून दिले. त्यांच्याच अभ्यासातला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या मराठी प्रेक्षकांना त्याच नावाच्या २०१४च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. २००९मध्ये माळशेज घाटात सोडलेला हा नर महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत महामार्ग, लोहमार्ग, गावे, शेते सगळे आले. २०११च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. शेतांनी त्याला वाट दिली होती. रस्त्याने ती तोडली.

पण बिबट्या हा या विषयातला नट आहे, आणि नटावरून नाटकमंडळीचा हिशेब काढू नये. गडबसारख्या ठिकाणी जोडणीचा खरा हिशेब लहान जिवांत आहे, आणि त्यातही पाण्यातल्या.

खारेपाट ही माणसाने घडवलेली जमीन आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणारे खाजण चिखलाचे बांध घालून अडवायचे, पावसाच्या पाण्याने दोन-तीन वर्षे धुऊन काढायचे आणि त्यात खारे सोसणारे भात लावायचे, ही रीत इथे शेकडो वर्षांची. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये पेण भागातल्या ‘शिलोत्री’ धारापद्धतीची माहिती आहे. खाजण बांधून काढणे आणि बाहेरचे बांध सांभाळणे या कामाभोवतीच ती पद्धत उभी होती. खाडीला तोंड देणारा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्यात जागोजागी उघाड्या. जुनी उघाडी म्हणजे लाकडी झडपेचे दार. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ते मिटायचे, ओहोटी लागली की आतले गोडे पाणी ते ढकलून बाहेर पडायचे. माणूस नसला तरी काम चाले. काळा राता, भुरा राता ही खाऱ्यातली भाते याच जमिनीने जपली. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाने सुधारित वाण दिले.

आता हा बाहेरकाठा जनावरांच्या बाजूने पाहू. माशाला तो भिंत आहे आणि उघाडी हे दार. कोल्ह्याला मात्र तोच बांध रस्ता आहे. पावसाळ्यात चहूकडे पाणी असताना कोरडा राहणारा एकमेव माथा बांधाचा असतो, आणि खाडीकाठच्या तिवरांपासून गावकुसापर्यंत सोनकोल्हा त्यावरून चालतो. पहाटे बांधावरच्या ओल्या मातीत त्याची पावले आणि खेकड्यांच्या कवचांनी भरलेली विष्ठा दिसते. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठीही सोनकोल्हे कांदळवनात राहतात, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. खारेपाटातल्या लोकांना त्यात बातमी वाटत नाही. त्याच बांधाच्या उतारावर घोरपड उन्हाला पडते, बिळांत उंदीर आणि उंदरांमागे धामण असते. म्हणून ‘बांधाने अधिवास तुटला की जुळला’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणासाठी, ते आधी विचारावे लागते.

मराठीत या जोडणीसाठी एक अस्सल शब्द आहे, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आधीचा आहे: वलगण. मृगाचे पहिले जोरदार पाऊस पडले, ओहोळ गढूळ होऊन वाहू लागले की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. मळे, खवली, शिंगट्या, पोटात अंडी घेऊन ओहोळातून खाचरात शिरतात. चिखलणीपूर्वीचे कोमट, उथळ, कीटकांनी भरलेले खाचर ही पिल्लांची बाळंतिणीची खोली. भात वाढते तसे पिल्ले वाढतात आणि भाद्रपद-आश्विनात खाचरे सुकवायला पाणी सोडले की त्या पाण्याबरोबर पुन्हा ओहोळात, नदीत. नदीतज्ज्ञ याला नदीची आडवी जोडणी म्हणतात. नदी लांबीने वाहते तशी रुंदीनेही वाहते, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे या आडव्या नदीचे नाव भातखाचर आहे. तिला टिकवायला काही विशेष लागत नाही. बांध चिखलाचा हवा, त्यात पाणी सोडायची वाट हवी, ओहोळाचा काठ बुजलेला नको. काँक्रीटचा उभा काठ माशाला चढता येत नाही. खाचराच्या जागी भराव आला तर चढण्याजोगे काही उरतच नाही.

खारेपाटाच्या बाजूचा मानकरी जिताडा. पेण-अलिबागकडच्या माणसासमोर या माशाचे वर्णन करणे म्हणजे पंढरपूरकराला विठोबा सांगणे. तरी त्याच्या आयुष्यक्रमाची गंमत सांगायलाच हवी. जिताडा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाचे खारे पाणी लागते, आणि पिल्ले पावसाळ्यात भरतीबरोबर आत शिरून मचूळ आणि गोड्या पाण्यात मोठी होतात. म्हणजे एका माशाला आयुष्यात दोन्ही पाणी हवीत, आणि त्यांच्यामधली वाट उघडी हवी. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी हे ओळखले होते. उघाडीतून आत आलेली पिल्ले शेतातल्या आणि घराजवळच्या तळ्यांत सोडून वर्षानुवर्षे वाढवायची, पाहुणा आला की त्यातला एक काढायचा. शेती, मासा आणि खाडी यांचा हा व्यवहार उघाडीच्या दारावर चालत होता.

ते दार कोण सांभाळायचे? पूर्वी गाव. बांधाची डागडुजी, खांड पडली की रात्रीबेरात्री धावून जाणे, चिखलाचे ढेप हातोहात देणे, याला इकडे ‘जोळ’ म्हणतात. ज्याची जमीन बांधामागे, त्याचे श्रम बांधावर. याला सोन्याचा काळ म्हणायचे कारण नाही. खोतीचा जाच इतका होता, की शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते पिकवायचेच नाकारले. पुढे खोती गेली, कुळे मालक झाली. १९४८च्या आणि नंतर १९७९च्या खारजमीन कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. माझे मत असे, की यात न्याय झाला आणि देखभाल हरवली. मालकी तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली, बांध मात्र एकच राहिला, आणि एका बांधाला शंभर मालक असले की तो कोणाचाच नसतो. सरकारी निधी येईपर्यंत खांड थांबत नाही.

डोंगराच्या बाजूची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कोकणात भाताच्या खाचराला वरकस जमिनीची जोड असे. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन; नाचणी-वरी, गवत आणि मुख्यतः राबासाठी लागणाऱ्या फांद्या देणारी. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, शेण, पाला, गवत यांचे थर देऊन रोपवाटिकेच्या जागेवर जाळायचे आणि त्या राखेत भात पेरायचे. इंग्रज वनखात्याला ही चाल रानटी वाटली आणि त्याने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत निर्बंध आणले. लोकांची ओरड एवढी झाली, की १८८५मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७मध्ये त्याचा अहवाल आला. राबाने झाडे खुरटली हे खरेच. पण झाड मेले तर राब कशाचा करणार, म्हणून शेतकऱ्याने झाड मारले नाही. उतारावर ठेंगणे ऐन, मधे गवत, ओहोळाच्या कडेला करंज-उंबर, असा एक अर्धजंगली पट्टा गाव आणि डोंगर यांच्यामध्ये शंभर वर्षे टिकला. ससा, मुंगूस, रानडुक्कर, भेकर आणि मागोमाग बिबट्या त्यातून खाली-वर करत. आणखी वर ठाकूर-कातकऱ्यांच्या दळीच्या जमिनी, ज्यांच्या हक्कासाठी २००६च्या वनहक्क कायद्यापर्यंत लढावे लागले.

रासायनिक खत आले आणि राब बंद होत गेला. जंगलाला बरे झाले, असे वाटेल. पहिली काही वर्षे झालेही असेल. पण राब संपल्यावर वरकस जमिनीचा शेतीतला उपयोगच संपला, आणि निरुपयोगी जमीन सगळ्यांत आधी विकली जाते. तिथे आता फार्महाउसचे प्लॉट आहेत, मुरमासाठी कापलेले डोंगराचे गाल आहेत आणि चिऱ्याच्या किंवा तारेच्या कुंपणभिंती आहेत. दीड हात उंचीच्या मातीच्या बांधावरून साळिंदर चढते; सहा फुटी कुंपणभिंतीवरून नाही. ऐन तोडणाऱ्या कोयत्याने जे कधी तुटले नाही, ते कंपाउंडने तुटले, हे मला या सगळ्या पाहणीतले सर्वांत अनपेक्षित वाटले.

काळाच्या जोडणीबद्दलही सांगायला हवे. खारेपाटात पीक एकच. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की पुढच्या जूनपर्यंत शेते उघडी. शेतीखात्याच्या कागदावर ही पडीक जमीन आहे. पण हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी हेच महिने मोलाचे. ओहोटीला तुतवार, चिखले वगैरे पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात. भरती आली, चिखल बुडाला की त्यांना जवळच कोरडी, उघडी, लांबवर नजर पोहोचेल अशी जागा हवी असते. मिठागरे आणि कापणी झालेली खारशेते ही ती जागा. म्हणजे चरणे आणि विसावणे ही दोन घरे दिवसातून दोनदा जोडली जातात, भरतीच्या वेळापत्रकाने. मिठागर बंद पडले किंवा शेतात भराव पडला, तर चिखल शाबूत असूनही पक्षी कमी होतात, आणि मग आपण कारण चिखलात शोधत बसतो. याच जिल्ह्यात, किहीमला, सलीम अलींनी १९३०च्या सुमारास सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. त्या सुगरणीलाही भाताची पात घरट्याला लागते आणि दाणा पोटाला.

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची नोंद असते. लागवडीला अयोग्य तो वर्ग ‘अ’, रस्ता-ओहोळ-विहीर-तळे असे सार्वजनिक कामाचे तो वर्ग ‘ब’. मी वर ज्या-ज्या वाटा सांगितल्या, त्यांतल्या कितीतरी या एका शब्दात पडतात: ओहोळाचा काठ, खडकाळ टेप, पाणथळ कोपरा. महसुलाच्या भाषेत खराबा, जनावराच्या भाषेत हमरस्ता. काही वर्षांपूर्वी नियम बदलून वर्ग ‘अ’ची जमीन लागवडीखाली आणून तिची आकारणी करण्याची सोय झाली. शेतकऱ्याच्या कर्जाच्या आणि पीकविम्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, आणि मी त्याला विरोध करणार नाही. फक्त एवढेच, की खराबा शब्द कागदावरून गेला तसा कोपराही जमिनीवरून जातो.

रेल्वे आणि रस्ता यांच्याबद्दल थोडक्यात. आपट्याहून रोह्यापर्यंतचा लोहमार्ग १९८६मधला. पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११मध्ये सुरुवात झाली. दोन्ही भराव उत्तर-दक्षिण जातात, आणि इथले पाणी, मासे, बेडूक सगळे पूर्व-पश्चिम. त्यामुळे भरावाखालची मोरी हाच एक दरवाजा. नागपूरजवळ पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली वाघांसाठी ९ मार्गिका बांधल्या आहेत, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. बेडकासाठी एवढे कोणी करणार नाही, आणि गरजही नाही. मोरीचा तळ ओहोळाच्या तळाशी समपातळीत असावा, खाली धबधबा पडू नये, आणि एका बाजूला वीतभर कोरडी कड असावी. पावसाळ्यातल्या पहिल्या रात्री महामार्गावर चेपलेले बेडूक पाहिले की ही वीतभर कड किती स्वस्त आहे ते कळते.

आता सगळ्यांत अवघड भाग. बाहेरकाठ्याला खांड पडते. शेतकरी कारणे सांगतात ती अशी: उधाणे वाढली, खाडीतल्या बार्जेसच्या लाटा बांध खातात, खेकड्यांची भोके वेळेत बुजवली जात नाहीत, गावात माणसे नाहीत. खारे पाणी शेतात शिरते. पहिल्या वर्षी पीक जाते, दुसऱ्या वर्षी खाऱ्या गवताचे पुंजके येतात, तीन-चार वर्षांत तिवर कमरेएवढे होतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि २०१८च्या निकालाने ती पक्की केली. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. निकाल गरजेचा होता, मुंबई परिसरात राडारोडा टाकून जे चालले होते ते पाहता फारच. पण खारेपाटात त्याचा अर्थ असा होतो, की सातबाऱ्यावर भात आणि जमिनीवर तिवर. शेतकऱ्याला ना तोडता येते, ना पिकवता, ना कोणी भरपाई देते.

वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन २०१३मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, २०२१मध्ये ३२४. या वाढीत संरक्षण आहे, लागवड आहे, चांगल्या उपग्रहचित्रांचा वाटा आहे; आणि बुडालेली शेतेही आहेत. नकाशावर ती सगळी एकाच हिरव्या रंगात दिसतात.

अधिवासांच्या जोडणीच्या दृष्टीने तरी हा फायदा म्हणावा का? मी आधी तसेच समजून चाललो नाही, कारण गडबच्या काठाने चालताना दोन्ही गोष्टी एकमेकींना लागूनच दिसतात. तिवर वाढले की खेकडे, कोळंबी, जिताड्याची पिल्ले, बगळे, कोल्हे यांचे घर वाढते, यात शंका नाही. पण वलगणीच्या माशाला, बेडकाला, मुनियेला, सुगरणीला खारट रान ही भिंत आहे. पूर्वी डोंगरातून निघालेला ओहोळ गोड्या खाचरांतून उतरत उघाडीपाशी खाडीला भेटत होता. गोडे आणि खारे यांच्यामध्ये मैलभर रुंदीचा, हळूहळू बदलत जाणारा पट्टा होता. बांध फुटल्यावर खारे पाणी थेट गावाच्या आणि महामार्गाच्या भरावाला येऊन टेकते. विहिरी मचूळ होतात. खाडी स्वतःशी अधिक जोडली जाते, पण डोंगरापासून तुटते. कांदळवनाचे क्षेत्र मोजणाऱ्या आकड्यात हे तुटणे येत नाही.

म्हणून सरकारने बांधाबाहेरचे जुने तिवर आणि बांधाआत नंतर उगवलेले तिवर यांच्यात, जुने नकाशे आणि सातबारा समोर ठेवून, फरक करावा, असे मला वाटते. बाहेरचे तिवर काटेकोर राखावेत. लाटेचा पहिला मार तेच घेतात आणि बांध वाचवतात, हे इथले शेतकरी कोणत्याही अहवालाआधीपासून जाणतात. आतल्या जमिनीबाबत निवड मालकाची असावी: न्यायालयाच्या परवानगीने बांध दुरुस्त करून पुन्हा शेती, किंवा तिवर राहू देऊन त्याचा दरवर्षी ठरलेला मोबदला. मोबदला न देता शेतकऱ्याच्या जमिनीवर जंगल वाढवणे म्हणजे एका गरिबाकडून सगळ्या शहराने उसने घेणे होय.

घाई आहे, कारण तिसरा पर्याय वेगाने येतो आहे. २००८च्या २१ सप्टेंबरला पेण तालुक्यातल्या हेटवणे लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाहीत यावर जनमत घेतले गेले, आणि तो प्रकल्प पुढे बारगळला. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची घोषणा झाली. कर्नाळा हे नाव १९६८पासून पक्षी अभयारण्याचे आहे. सव्वातीनशे चौरस किलोमीटर नगराच्या शेजारी त्या अभयारण्याचे क्षेत्र सव्वाबारा चौरस किलोमीटरही नाही. अभयारण्य, फणसाडचे जंगल आणि सह्याद्री यांच्यामध्ये जे काही आहे ते शेतच आहे. शेत भातासाठी असो, तिवराखाली असो, पडीक असो, त्यातून काहीतरी चालत, पोहत, उडत जाते. पाच-सहा फूट भराव टाकलेल्या प्लॉटमधून जात नाही.

गडबच्या काठावर एका वयस्कर शेतकऱ्याला मी विचारले होते, की जिताड्याची पिल्ले आत घ्यायची तर उघाडीचे दार कधी उघडायचे. काँक्रीटची नवी उघाडी, लोखंडी फळ्या, त्या उचलायला दोन माणसे. त्यांनी उत्तर तारखेत दिले नाही, तिथीत दिले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दार घट्ट बंद. श्रावणातल्या अष्टमीला, भांगाची भरती असताना आणि अंबेच्या पुराने खाडी निम्मी गोडी झालेली असताना, एक फळी हातभर वर घ्यायची, दोन तास. भाताला बाधत नाही, आणि मासा आत येतो. खारभूमीच्या कोणत्याही दुरुस्ती आराखड्यात मला हे वेळापत्रक दिसलेले नाही. ते घालायला सिमेंट लागत नाही. भरती-ओहोटीचे कोष्टक आणि फळी उचलणाऱ्या दोघांची मजुरी, एवढेच लागते.